बेगमीचीं मापें

पन्हाळगडावर गेलेल्या प्रत्येकानें अंबरखान्याच्या तीन कोठ्या पाहिलेल्या असतात. गंगा, यमुना आणि सरस्वती अशीं त्यांचीं नांवें. एकट्या गंगा कोठींत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असें सांगतात. इतिहासकार या कोठ्यांची लांबी-रुंदी मोजतात, भिंतींची जाडी पाहतात, आणि तें योग्यच आहे. कारण गड लढतो तो कोठाराच्या जिवावर. परंतु गडाखालच्या मुलखांत ज्या हजारों घरांनीं दर वर्षीं पावसाळ्याचे चार महिने काढले आणि मधूनमधून दुष्काळाचीं वर्षेंहि काढलीं, त्या घरांच्या कोठारांचा हिशेब कोणत्या दप्तरांत आहे? उतरंडीच्या कोणत्या मडक्यांत काय होतें, लोणच्याची बरणी केव्हां भरली आणि केव्हां उघडली, तुरीला कीड लागूं नये म्हणून काय लावलें, हें लिहून ठेवण्याजोगें कोणास वाटलें नाहीं. ज्यांना तें येत होतें त्यांना बहुधा लिहितां येत नव्हतें, आणि ज्यांना लिहितां येत होतें ते आयतें जेवत होते.

त्या न लिहिलेल्या हिशेबाविषयीं आज मला बोलावयाचें आहे, आणि त्यासाठीं मी श्रोत्यांना कुंडल गांवीं नेणार आहें.

कुंडल आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत आहे. १९४८ सालीं संस्थानें विलीन होईपर्यंत तें औंध संस्थानांत होतें. पुढें १९४९ त दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० त त्याचें नांव सांगली झालें, तेव्हां तें सांगलीकडे आलें. गांवाजवळच्या डोंगरांत जैनांचीं पार्श्वनाथाचीं प्राचीन क्षेत्रें आहेत. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार ज्या गांवांच्या आधारावर उभें राहिलें, त्यांत कुंडल अग्रभागीं होतें, जी. डी. बापू लाड हे याच गांवचे. रेल्वेचें स्टेशन ‘कुंडल रोड’ या नांवाचें होतें, आणि त्या स्टेशनालगतच्या ओसाड माळावर १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला कारखाना वसविला. तीच किर्लोस्करवाडी. देवस्थान, क्रांति आणि कारखाना या तीन कारणांनीं कुंडलचें नांव ग्रंथांत येतें. चौथें कारण त्यांहून घरगुती आहे आणि म्हणूनच कमी सांगितलें जातें: १९१३ सालीं याच गांवीं कमलाबाई ओगले यांचा जन्म झाला. त्यांच्याकडे मी शेवटीं येईन. कारण त्यांनीं काय केलें हें कळण्यासाठीं आधीं त्यांच्यापूर्वी काय होतें हें पाहिलें पाहिजे.

कृष्णाकांठच्या या भागांत वर्षाचे दोन विभाग असत, ऊन असलेला आणि ऊन नसलेला. मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत आकाशाचा भरंवसा नसे. ओढे-नद्या भरत, बैलगाडीचा रस्ता चिखलानें बंद होई, आठवड्याचा बाजारहि पुष्कळदां चुके. त्या चार महिन्यांत घरांत जें असेल तेंच ताटांत येई. म्हणून होळी झाली कीं बायकांची धांदल सुरू होई. गहूं तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढावयाचा आणि तो शिजवून कुरड्या घालावयाच्या, उडदाचें पीठ कुटून पापड लाटावयाचे, ज्वारीचे बिबडे घालावयाचे, कोहळा किसून सांडगे घालावयाचे, मिरच्या चिरून, मसाला भरून उन्हांत टाकावयाच्या, शेवया वळावयाच्या, चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून तिचे गोळे करावयाचे. अंगणांत, धाब्यावर, बाजेवर जुनेरें पसरून हा पसारा वाळत पडे आणि त्याची राखण लहान मुलांकडे असे. या सगळ्याला ‘वाळवण’ हा एक शब्द आहे, आणि ज्या हेतूनें तें घालावयाचें त्याला ‘बेगमी’ हा दुसरा.

वाळवणाचें तत्त्व सोपें आहे. पदार्थांतलें पाणी गेलें कीं त्याला नासविणाऱ्या सूक्ष्म जीवांना जगतां येत नाहीं. परंतु सोपें तत्त्व आणि सोपें काम यांत अंतर आहे. कुरडई वरून वाळली आणि आंतून ओली राहिली तर डब्यांत पंधरा दिवसांत बुरशी धरते. म्हणून ती उलटण्याची वेळ साधावी लागते. पापडाच्या पिठांत खार कमी पडला तर पापड फुलत नाहीं, जास्त पडला तर तांबूस होऊन कडवट लागतो. हें सारें हाताला ठाऊक असे. ‘किती घालूं?’ या सुनेच्या प्रश्नाला सासूचें उत्तर ‘घाल अंदाजानें’ असें असे. हा अंदाज म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव असे. पण सुनेला तो उत्तर म्हणून मिळे, तेव्हां त्याचा उपयोग शून्य असे.

आतां घराच्या बाहेर, खरें म्हणजे घराच्या खालीं जाऊं. या भागांत ज्वारी सांठविण्याची जुनी रीत पेवाची होती. पांढरीच्या किंवा मुरमाच्या कोरड्या जमिनींत अरुंद तोंडाचा आणि खालीं रुंद होत जाणारा खड्डा खणीत. आंत जाळ करून तो शेकून काढीत. तळाला आणि कडेला पेंढा किंवा कडबा लावून वर धान्य ओतीत, आणि तोंडावर दगड ठेवून तें मातीनें लिंपून टाकीत. वरून गुरें चालून जात, पण खालीं काय आहे याचा पत्ता लागत नसे. चोरापासून आणि स्वारीवर निघालेल्या फौजेपासून धान्य लपविण्याचा याहून स्वस्त उपाय नव्हता. तरी त्याची खरी खुबी लपविण्यांत नव्हती. धान्य जिवंत असतें, तें श्वास घेतें. बंद पेवांत धान्य आणि त्यांतील किडे मिळून हवेंतला प्राणवायु संपवितात आणि तेथें कर्बवायु भरतो; मग किडे आपल्याच श्वासानें मरतात. पश्चिमेकडे हवाबंद कोठारांचें शास्त्र विसाव्या शतकांत लिहिलें गेलें. तें शास्त्र येथें शेतकऱ्यांच्या पायांखालीं कित्येक पिढ्या पुरलेलें होतें.

त्याच कर्बवायूनें माणसेंहि मेलीं आहेत. पेव उघडून लगेच आंत उतरणारा मनुष्य गुदमरून पडे आणि त्याला काढावयास गेलेला दुसराहि पडे. म्हणून जाणतीं माणसें पेव उघडल्यावर तें वेळ देऊन वारवून घेत, आणि दिवा दोरीनें आंत सोडीत. दिवा विझला तर उतरावयाचें नाहीं. आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती: पेवांतली ज्वारी खावयास चाले, बियाण्यास चालत नसे, दमटपणानें आणि उष्णतेनें तिची उगवणशक्ति जाई. बियाणें निराळें, राखेंत कालवून, मडक्यांत किंवा कणगींत ठेवीत. भुकेच्या वर्षीं तें मडकें फोडावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न घरच्या कर्त्या बाईपुढें उभा राहत असे, आणि त्याहून अवघड प्रश्न कोणत्या राजापुढें उभा राहिला असेल असें मला वाटत नाहीं.

भुकेचीं वर्षें ही कल्पना नव्हे. इ. स. १३९६ मध्यें सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण दख्खनेंत शतकानुशतकें राहिली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत जुन्या सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा भाग होरपळला. त्या वेळीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, अशी खालीं आणली. खडी फोडणाऱ्या माणसाचें पोट एक पौंडांत भरतें कीं नाहीं यावर पुष्कळ लिहिलें गेलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारशीं वाद घातला. ज्याच्या घरीं पेव भरलेलें होतें त्याला त्या कामावर जावें लागलें नाहीं. मात्र पेव असावयास आधीं शेत असावें लागतें. बेगमीचें कौतुक करतांना आपण हें विसरतों कीं, बेगमी ही ज्याच्याकडे एका दिवसापेक्षां अधिक आहे त्याचीच विद्या आहे.

पेवाची रीत धान्यापुरती गेली, पण हळदीपुरती पुष्कळ दिवस टिकली. सांगलीजवळ हरिपूरला व्यापाऱ्यांनीं हळदीचीं पेवें राखलीं होतीं, आणि तेथें ठेवलेल्या हळदीला रंग व वजन टिकविण्याबद्दल लौकिक होता. २००५ च्या महापुरांत पाणी शिरून तीं फार नासलीं. पुढें शीतगृहें आलीं.

घरांतल्या धान्याच्या युक्त्या लहान असत, आणि त्यांतल्या कांहीं युक्त्यांची परीक्षा आतां शास्त्रानें घेतली आहे. तुरीला काव किंवा तांबडी माती लावून ठेवीत, वालांना राख चोळीत. बारीक कोरड्या भुकटीनें किड्याच्या अंगावरचा मेणासारखा लेप खरवडला जातो आणि त्याच्या शरीरांतलें पाणी उडून जाऊन तो मरतो. म्हणजे राख हें विष नव्हे, तरी तें काम विषाचें करतें. गव्हाला आणि तांदळाला एरंडेलाचा हात देत. तेलाच्या पातळ थरानें किड्याच्या अंड्यांना हवा मिळत नाहीं आणि तीं फुटत नाहींत. कडुनिंबाचा पाला धान्यांत घालीत. त्याचा गुण आहे, परंतु वाळलेल्या पाल्यापेक्षां तो निंबोळींत कितीतरी अधिक आहे, आणि नुसत्या दोन डहाळ्या टाकून पोतेंभर गहूं राहील अशी आशा करूं नये. डाळी-कडधान्यांना प्रथम दोन कडक उन्हें द्यावयाचीं आणि निवल्यावरच भरावयाचीं, हा नियम मात्र पाल्याहून व तेलाहूनहि मोठा. गरम धान्य भरलें कीं डब्याच्या आंत दंव धरतें आणि मग कोणतीच युक्ति चालत नाहीं.

तिखटाचें तेंच. मिरची कुटून ठेवतांना तिच्यांत हिंगाचे खडे आणि मीठ घालीत. या भागाची ओळख म्हणजे कांदा-लसूण मसाला, आणि तो ज्या घरीं वर्षाचा होई त्या घरीं कांदा व लसूण तेलांत किंवा उन्हांत इतका कोरडा करीत कीं उखळांत कुटतांना तो चिकटूं नये. प्रतिसरकारच्या काळीं भूमिगत कार्यकर्ते रात्रीं-अपरात्रीं दारीं येत आणि गांवोगांवच्या घरांनीं त्यांना जेवूं घातलें. अवेळीं चूल पेटवली तर धूर दिसतो. तेव्हां भाकरीबरोबर कोरडी चटणी आणि लोणचें हेंच ताटांत येऊं शकतें, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. त्या लढ्याच्या इतिहासांत पत्रीची गोष्ट पुष्कळ आहे. चटणीच्या मडक्याची गोष्ट फार थोडी.

लोणच्याकडे मी मुद्दाम उशिरां आलों. कारण तेथें घरचें शास्त्र आणि सरकारचा कायदा यांची गांठ पडते. आंब्याचें लोणचें टिकतें तें तीन गोष्टींनीं: कैरीचें आंबटपण, मीठ आणि तेल. कैरी इतकी आंबट असते कीं, अन्न विषारी करणारे सर्वांत घातक जंतु तीत वाढूं शकत नाहींत. मीठ फोडींतलें पाणी ओढून बाहेर काढतें. वर चढलेला तेलाचा थर हवा अडवितो, म्हणून बुरशी धरत नाहीं. मोहरी झणझणीत असते तीहि केवळ चवीसाठीं नव्हे. तिच्या उग्र तेलालाहि जंतुनाशक गुण आहे. म्हणूनच ज्या वस्तूंत आंबटपण नाहीं त्या नुसत्या तेलांत बुडवून ठेवूं नयेत. सोललेला लसूण तेलांत घालून बाहेर ठेवण्याची आजकालची चाल धोक्याची आहे. जुन्या बायका लसणीच्या लोणच्यांत लिंबाचा रस आणि भरपूर मीठ घालीत, तें उगीच नव्हे.

चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ, असें साधारण प्रमाण. आणि मीठ हें इंग्रजी अमलांत कराचें होतें. १८८८ सालीं तो कर मणामागें अडीच रुपये झाला, १९०७ सालीं एक रुपयापर्यंत उतरला, १९२३ सालीं पुन्हां अडीच रुपये करण्यांत आला आणि दुसऱ्या वर्षीं सव्वा रुपयावर आला. मणाचे शेर चाळीस आणि अडीच रुपयांचे आणेहि चाळीस, म्हणजे मिठाच्या एका शेरामागें सरकारचा एक आणा. टेंपलसाहेबांच्या मजुरींतला वरचा आणा तो हाच. मिठाची मूळ किंमत निराळी. दोन हजार फोडींचें लोणचें घालणाऱ्या वाड्याला हा आणा जाणवला नसेल. परंतु ज्या घरीं भाकरीशीं दुसरें कांहीं नसल्यामुळें लोणच्याची फोड हीच भाजी होती, तेथें मीठ हात राखून पडे, आणि मीठ कमी पडलेलें लोणचें आषाढांत उकिरड्यावर जाई. १९३० सालीं महात्मा गांधींनीं कायदेभंगासाठीं मीठ निवडलें, तेव्हां पुष्कळ शिकलेल्या लोकांना हंसूं आलें होतें. स्वयंपाकघरांत कोणी हंसलें असेल असें वाटत नाहीं. हा कर १९४७ सालीं उठला.

भांड्यांचाहि इतिहास आहे. लोखंडाला आणि तांब्या-पितळेला आंबट व खारट चालत नाहीं. म्हणून मातीचीं चकचकीत रोगण दिलेलीं भांडीं, पुढें चिनी मातीच्या बरण्या, आणि त्यानंतर कांच. फ्रान्समध्यें निकोला आपेर यानें कांचेच्या बाटल्यांत अन्न घालून, बूच घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यांत ठेवण्याची रीत काढली, आणि सरकारकडून बारा हजार फ्रँकांचें बक्षीस मिळवून १८१० सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. तें बक्षीस फौजेसाठीं होतें. आणि उकळल्यानें अन्न कां टिकतें हें पाश्चरनें दाखविण्यापूर्वी पन्नास वर्षें फौज तें खात होती. आपल्याकडे कांचेचा स्वदेशी उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभीं उभा राहिला. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून तळेगांवला १९०८ सालीं पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला, आणि १९१६ सालीं कऱ्हाडजवळ, तेंहि औंध संस्थानच्याच आश्रयानें, ओगले बंधूंचा. ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलानें महाराष्ट्राला उजेड दिला हें सर्वांस ठाऊक आहे. फडताळांतला मुरंबा बाहेरून दिसूं लागला, ही कांचेची करणी त्यापुढें लहान वाटेल. परंतु बुरशी धरली कीं नाहीं हें झांकण न उघडतां कळणें, ही गृहिणीच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे.

बरणीविषयींचे विधिनिषेध मात्र सगळेच राखण्याजोगे नव्हते. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावूं नये, उष्टा चमचा घालूं नये, दादरा बांधून ठेवावें, कोरड्या पळीनें एकदमच आठवड्याचें काढून घ्यावें: हे नियम शास्त्रीय आहेत. विटाळशीची सावली पडली कीं लोणचें नासतें, हा नियम शास्त्रीय नाहीं. तो त्या चांगल्या नियमांच्या सोबतीनें घरांत शिरला आणि त्यांच्याच तोऱ्यानें राहिला. लोणचें नासे तें पाण्यानें व हवेनें, आणि दोष येई तो घरांतल्या एखाद्या मुकाट सुनेवर.

आतां हें सारें ज्ञान लिहिलें कधीं गेलें? राजांच्या जेवणाविषयीं आपल्याकडे फार पूर्वींच लिहिलेलें आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ रचविला; त्याच्या अन्नभोगांत वडे आहेत, मांडे आहेत, मांसाचे प्रकार आहेत. मराठी छापखान्यांतून रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ आलें, आणि एका बाईनें हजार पाकक्रिया एकत्र छापल्या. १९३० सालीं किर्लोस्करवाडीहून, म्हणजे कुंडलच्या वेशीपासून हांकेच्या अंतरावरून, शंकरराव किर्लोस्करांनीं ‘स्त्री’ मासिक सुरू केलें. नांगर आणि चरक करणाऱ्या कारखान्याच्या वसाहतींतून बायकांचें मासिक निघावें याचें त्या वेळीं नवल वाटलें असेल. मला त्यांत संगति दिसते. ज्या ठिकाणीं हाताच्या कामाला माप आणि आंखणी देण्याची संवय लागली होती, तेथेंच घरच्या कामाचीहि तशी चर्चा होऊं शकत होती.

जुन्या पाकपुस्तकांची अडचण मापांची होती. दोन निठव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोलींची पायली: ही पायरी सुंदर होती, पण एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्याच्या पायलीशीं जुळत नसे, आणि मापाचा शेर व वजनाचा शेर या दोन निराळ्या गोष्टी होत्या. त्यांत १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला. १९५८ पासून क्रमाक्रमानें किलो आणि लिटर आले, आणि १९६२ पर्यंत शेर-छटाक बाजारांतून गेले. आईच्या वहींतलें ‘पाव शेर मोहरी, दोन तोळे हळद’ हें मुलीला वाचतां येई, पण बाजारांत मागतां येईना.

याच वेळीं दुसरी मोठी उलथापालथ चालू होती. नोकरीसाठीं मुलगे मुंबई-पुण्यास येत होते, लग्न होऊन सून थेट दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत येत होती. अंगण नाहीं, धाबें नाहीं, सासू गांवीं. ‘घाल अंदाजानें’ म्हणणारेंहि कोणी जवळ नव्हतें. १९४३ पासून मुंबईंत शिधावाटप सुरू झालें, तेव्हां साखर तोलून मिळूं लागली, आणि साखरांब्याच्या ऐवजीं गुळांबा करावयाचा तर गूळ किती व पाक कसा, हें विचारावयाचें कोणाला? पिढ्यान्‌पिढ्या जपलेली विद्या एका पिढींत बुडण्याचा प्रसंग होता. आणि ती बुडाली असती तर तिची नोंद कोठेंहि झाली नसती. कारण ती होती हीच नोंद कोठें नव्हती.

कमलाबाई ओगले यांचें काम या पार्श्वभूमीवर पाहिलें पाहिजे. कुंडलसारख्या गांवीं जन्म, शिक्षण मराठी चौथीपर्यंत. लग्न झालें तेव्हां स्वयंपाकांत त्या निष्णात नव्हत्या. तो त्या सासूबाईंकडून शिकल्या. मला हेंच महत्त्वाचें वाटतें. जिला जन्मतः येतें तिला शिकवितां येत नाहीं. जिला विचारून, चुकून, पुन्हां करून यावें लागतें, तिलाच दुसऱ्याचा प्रश्न कोठें अडतो हें कळतें. १९७० सालीं त्यांचें ‘रुचिरा’ हें पुस्तक किर्लोस्करांनींच प्रसिद्ध केलें. त्याच्या दीड लाखांवर प्रती खपल्या आणि पुढें तें इंग्रजींतहि गेलें. लग्नांत मुलीला देण्याच्या वस्तूंत तें जाऊन बसलें. १९९९ सालीं कमलाबाई वारल्या.

‘रुचिरा’चें मर्म पदार्थांच्या संख्येंत नाहीं, तें वाटींत आणि चमच्यांत आहे. शेर गेला, किलोची संवय झालेली नाहीं, तराजू घरीं नाहीं, पण वाटी प्रत्येक घरीं आहे. कोणी म्हणेल, वाट्या लहान-मोठ्या असतात, मग हें माप कसलें? परंतु येथेंच खरी हुषारी आहे. वाटी हें वजन नव्हे, तें प्रमाण आहे. चार वाट्या फोडी आणि एक वाटी मीठ, असें म्हटलें कीं वाटी गोव्याची असो, गुलबर्ग्याची असो, लोणच्याला फरक पडत नाहीं. मात्र दोन्ही वेळां वाटी तीच घ्यावयास हवी. पायलीच्या भांडणांतून कायद्यानें वाट काढली ती देशभर एकच वजन लावून. वाटीला तें भांडण कधीं बाधलेंच नाहीं. अंदाज हा हातांत राहतो आणि हाताबरोबर जातो. प्रमाण कागदावर लिहून टपालानें परगांवीं पाठवितां येतें.

सर्वच कांहीं वाटींत मावतें असें नाहीं. कैरी पाडाला आलेली कीं कोंवळी, हें वाटीला कळत नाहीं. मुरंब्याचा पाक पक्का एकतारी झाला कीं नाहीं, हें अजून दोन बोटांत धरूनच पाहावें लागतें. साखर कमी पडली तर तो आंबतो, आणि पाक पुढें गेला तर खडे धरतो. पापडाचें पीठ किती कुटावयाचें याला ‘हात दुखेपर्यंत’ याहून चांगलें माप अद्याप छापलें गेलेलें नाहीं. शिवाय शहरांतल्या पुष्कळ घरांनीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला: तीं विकत घेऊं लागलीं. १९५९ सालीं मुंबईंत गिरगांवांतल्या सात बायकांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला, त्याचा ‘लिज्जत’ हा केवढा वृक्ष झाला हें सांगावयास नको. ज्या कामाचे घरीं कधीं दाम मिळाले नाहींत, त्याचे तेथें रोजच्या रोज मिळूं लागले. विकतचा पापड खाल्ल्यानें संस्कृति बुडते असें मानणाऱ्यांपैकीं मी नाहीं.

आणि कुंडलच्या आसमंतांत वाळवण अजून पडतें, निराळ्या वस्तूचें. पलूस, तासगांव आणि पलीकडचा कोरडा भाग आतां द्राक्षांचा आहे. घड तोडून ते एथिल ओलिएटच्या आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणांत बुडवितात, म्हणजे सालीवरचा मेणकट थर सुटतो आणि आंतलें पाणी लवकर उडतें. मग सावलीच्या जाळ्यांवर दोन-तीन आठवडे पसरून ठेवतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. फाल्गुन-चैत्रांत तिकडे गेलें तर शेतांतून लांबच लांब छपरें उभीं दिसतात, अवकाळी ढग आले कीं मालकाची तीच धांदल उडते जी पूर्वी अंगणांत उडे, आणि छपराखालीं बसून देंठ व काळे मणी निवडून काढण्याचें काम अजून बायकांच्याच हातीं आहे. मात्र आतां तें मजुरीनें.